सरासरी

आमच्या मैदानात गवत नाही.
जांभ्याचा कातळ आहे, वारा आहे, खाली जयगडकडचा समुद्र,
आणि नऊ खड्डे. त्यांत आमरसाचे रिकामे डबे बसवलेत.
परकारांनी छिन्नीने खोदले. दोन उन्हाळे गेले त्यात.

निजाम परकार बोटीवर चीफ इंजिनियर होते.
डर्बनच्या कुठल्याशा जुन्या बाजारातून
त्यांनी काठ्यांचा अर्धा संच आणला:
एक ड्रायव्हर, तीन आयर्न, आणि एक पटर,
ज्याच्या मुठीला आता सायकलच्या ट्यूबची पट्टी आहे.
पिशवी शिवली ती जाळी दुरुस्त करणाऱ्या हसनमियांनी,
म्हणून ती खांद्याला लावली की गावातली मांजरं
चढणीपर्यंत मागे येतात.

चेंडू नारिंगी. होडीचा उरलेला रंग.
थेट कातळावरून मारलं तर मनगटं झिणझिणतात,
म्हणून प्रत्येकाच्या काखेत पायपुसण्याचा तुकडा.
टाकायचा, चेंडू ठेवायचा, मारायचं,
तुकडा झटकायचा, चालू पडायचं.

मीही डाव्या हाताचा मोजा मागवला.
बायकोने खोका उलटा करून पाहिला:
"दुसरा कुठे पाडलात?"

रीतभात इथेच शिकलो.
दुसरा मारत असताना बोलू नये,
आपली सावली त्याच्या चेंडूवर पडू देऊ नये.
चेंडू भरकटला तर 'फोर' ओरडावं.
यावर धोंडू निंबरे म्हणाला,
"म्हशींना विंग्रजी कळत नाय, लायटवाले."
तेव्हापासून आधी म्हशी.
चौथ्याजवळ टिटवीने अंडी घातली तर चौथा तिचा,
पिल्लं चालती होईपर्यंत आम्ही आठच खेळतो.
आणि सहाव्यापाशी कातळात कोरलेला तो मासा,
कोणी कोरला, केव्हा, कोण सांगणार,
त्याच्या रेघेच्या आत चेंडू पडला
तर हाताने उचलावा, दंड नाही.
गुरांच्या डॉक्टर वृंदा खातू तिथे चपला काढून जातात.
तसा नियम नाही.

भाद्रपदात खेळ बंद. सड्यावर सीतेची आसवं
फुललेली असतात, पाऊल कुठे ठेवणार.

एवढं सगळं सांगत बसलो
कारण पुढचं सांगायला जड जातंय.

मी मीटर रीडर होतो. एकतीस वर्षं
लोकांच्या पडव्या चढलो, कुत्री हाकलली,
बॅटरी मारून आकडे वाचले आणि वाचले तेच लिहिले.
फक्त घर बंद असलं
तर सरासरी टाकायची मुभा होती.

गेल्या माघात, सातव्यावर,
माझा चेंडू करवंदीच्या जाळीत गेला.
दोघं पुढे, पाठमोरी.
मारला. पानं पडली. पुन्हा मारला.
काटा कोपराला.
मग सँडलच्या टोकाने,
एवढंसंच,
बाहेर.

"किती?" डॉक्टरांनी विचारलं.
त्यांची पेन्सिल करंगळीच्या पेराएवढी उरलीय.
"सहा."
त्यांनी सहा लिहिले.
वही पुढे चालत गेली.
कोणी माझ्या पडवीत चढून बघितलं नाही.
या खेळाला पंच नसतो.

आठवा मी चांगला खेळलो, ते अजून लागतं मनाला.

नवव्यावर परकार पटर टेकवून उभे राहिले,
आणि लगेच बाजूला झाले.
"माझा एक वाढवा."
"का? वारा असेल."
"वारा नाही. माझी काठी लागली."
चेंडू तसूभरही हलल्याचं
आम्हा दोघांना दिसलं नव्हतं.

खाली एक होडी बंदरात शिरत होती.
मी मोजा काढला, घातला, परत काढला.
"डॉक्टर," मी म्हटलं,
"सातव्यावर घर बंद होतं. मी सरासरी टाकली."

त्यांनी पान मागे उलटलं.
"खरं रीडिंग?"
"नऊ. अंगठ्याचा धरून."
खोडरबर नव्हतं. सहावर आडवी रेघ,
शेजारी नऊ, आणि त्याखाली
त्यांची आद्याक्षरं, जशी त्या गाईच्या दाखल्यावर करतात.

परकार पायपुसणं झटकत होते. लाल धूळ
त्यांच्या पांढऱ्या दाढीत बसली.
"असू दे," ते म्हणाले,
"पुढच्या बिलात वळतं करू."

चढणीखाली मांजरं बसलेली होती.