पाठ

मिस रॉर्टीने माझ्याकडून पाठच करून घेतलं होतं:
विचारतील तेवढंच. हो किंवा नाही.
तिच्या ऑफिसच्या खिडकीतून लेटरकेनीचं कॅथीड्रल दिसतं,
संत यूननचं. त्याच संताचं नाव ठेवलंय त्या पोराला.
टेबलावर अर्धं खाल्लेलं सँडविच.
"वीस मिनिटं," ती म्हणाली,
"मशीनमध्ये फुंकायच्या आधी वीस मिनिटं
गार्डने तुमच्यावरून नजर हलवायची नसते.
हलवली त्याने?"
मी म्हणालो, हलवली.
तिने पेनाचं टोपण काढलं.

मर्यादा बावीस. माझे एक्कावन्न.
मशीनने आकडा दोन भाषांत छापून दिला,
दोन्हींत तो खराच होता.
अर्दाराच्या वळणावर मी कुणाच्या तरी फाटकात गाडी घातली.
आत मेंढ्या होत्या. उठल्यासुद्धा नाहीत.

एकोणीस वर्षं मी फिरत्या वाचनालयाची गाडी चालवली,
तिला कधी ओरखडा नाही.
मंगळवारी यूननच्या वस्तीवर थांबायचो.
ब्रीजचा हा धाकटा पायरीवर बसून
देवमाशांचं एकच पुस्तक पुन्हा पुन्हा न्यायचा,
महिनामहिना ठेवायचा.
दंड मी कधी लावला नाही.

त्या रात्री फॉर्म भरता भरता,
मान वर न करता त्याने विचारलं,
"न्यायला कोणाला बोलावू?"
साधा प्रश्न. सगळ्यांनाच विचारतात.
मी नाव शोधू लागलो.
आधी गावातली, मग गावाबाहेरची,
मग जिवंत नसलेल्यांची.
आणि माझा चेहरा असा काही सुटत गेला
की मला तो दोन्ही हातांनी धरून ठेवावा लागला.

यूनन उठला.
भिंतीवर मेंढ्यांच्या खरजेची सरकारी सूचना होती.
माझ्याकडे पाठ करून तो ती वाचत राहिला,
कलम, पोटकलम, छापखान्याचं नाव,
संपली की पुन्हा वरून.
चार मिनिटं असतील. पाच.
एवढी रुंद पाठ त्याला कधी आली?

अपिलात सगळं नव्याने ऐकतात,
जणू रात्र अजून व्हायचीच आहे.

"नजर सतत होती?"
"नाही."
"का नाही?"
यूननने माझ्याकडे पाहिलं.
लहानपणीसारखेच कान लाल.
"सूचना वाचत होतो."
(तेही खरंच. शपथ मोडली नाही त्याने.)
"कसली सूचना?"
"मेंढ्यांच्या खरजेची, जज."
मागच्या बाकावर कोणी तरी हसलं.
पेपरवाल्याने लिहून घेतलं.
सार्जंट बुटांकडे बघत राहिला.

मला उठता आलं असतं.
म्हणता आलं असतं, हा माणूस
मला रडायला जागा करून देत होता.
पण माझं पाठ होतं: विचारतील तेवढंच.
आणि कोणी विचारलं नाही.

अपील मंजूर झालं.
मिस रॉर्टीने हात मिळवला, म्हणाली,
बिल पोस्टाने येईल.

पायऱ्यांवर यूनन दिसला, टोपी काखेत.
मी हाक मारली. ऐकू गेली असणार,
कारण पुढचं पाऊल टाकायला त्याला जरा वेळ लागला.
मग तो उतरत गेला.
पुन्हा ती पाठ.
या वेळी तिच्यासमोर वाचायला काही नव्हतं.

लायसन्स खिशात होतं,
गाडी कोर्टामागच्या पार्किंगमध्ये.
चार दहाची ग्लेंटीजची बस लागली होती.
"गाडी नाही आणली, फिंटन?" ड्रायव्हरने विचारलं.
"आणलीय," मी म्हणालो,
आणि एक तिकीट मागितलं.