न वाचता पुढे

ब्रेस्ट सोडून अकरा दिवस झाले.
डेकवर आत्ताच वर ओढलाय एक ॲम्प्लिफायर,
चार किलोमीटर खोल चिखलात सतरा वर्षं काढलेला:
माणसाएवढं लांब नळकांडं, दोन्ही टोकांना केबलची शेपटी,
आणि अंगावर एक पांढरी, बिनडोळ्यांची गोगलगाय.
मालो तिला चमच्याने अलगद सोडवतो.
"हिने तिकीट काढलं नव्हतं," म्हणतो
आणि परत पाण्यात टाकतो.

आत काय असतं ते बाबांना मी कितीदा सांगितलं.
काचेच्या तंतूचं वेटोळं, माझ्या तळहातावर मावेल एवढं,
काचेत विरघळवलेलं किंचित अर्बियम,
आणि किनाऱ्यावरून येणाऱ्या विजेवर चालणारा एक लेझर,
रात्रंदिवस त्या अर्बियमला जागं ठेवणारा.
सत्तर किलोमीटर काचेतून येईतो
प्रकाशाचे शंभरातले चारच कण उरतात.
त्यांतला एक जाग्या अणूजवळून जातो
आणि अणू गाठीचं सोडून देतो,
तसाच दुसरा कण, त्याच रंगाचा, त्याच दिशेचा,
पावलाला पाऊल जुळवून.
दोनाचे चार, चाराचे आठ,
वेटोळं संपेपर्यंत पुन्हा भरलं गोकुळ.

"आणि मजकूर? तो कोण वाचतं?"
कोणीच नाही, बाबा.
"म्हणजे न वाचता पुढे ढकलता?"

एकतीस वर्षं ते किनाऱ्यावरच्या रेडिओघरात
कानाला हेडफोन लावून मोर्स उतरवत बसले.
वादळातून आलेली तुटकी टिंबं, अर्ध्या रेघा
आधी समजून घ्यायचे,
गळलेलं अक्षर भरायचे,
मग स्वच्छ करून पुढे पाठवायचे.
ट्रॉलरवरच्या कोणाला मुलगी झाली
हे त्या बापाच्याही आधी त्यांना कळायचं.
एकदा तीन नावं आली.
ती त्यांनी आईलासुद्धा
सकाळपर्यंत सांगितली नाहीत.

आमच्या यंत्रात एक खोट आहे, ती मी लपवत नाही.
काही अणू कोणी हाक न मारताच बोलून जातात.
त्या आगंतुक उजेडाला आम्ही गोंगाट म्हणतो.
पुढच्या मुक्कामाला तो वेगळा ओळखता येत नाही,
तो त्यालाही तेवढंच बळ देतो.
अटलांटिकच्या तळाशी असे शंभर मुक्काम.

मागच्या हिवाळ्यात बाबांना कानाचं यंत्र बसवलं.
पहिल्याच जेवणाला हात टेबलावर ठेवून बसून राहिले.
चमचे, फ्रिज, शेजारच्या कुत्र्याची साखळी, खिडकीतला वारा,
सगळं सारखंच मोठं,
त्यात कुठेतरी मी.
"तुझंच यंत्र घातलंस माझ्या कानात."
हसले नाहीत.

रात्री दीड. कंटेनरमधला पंखा बंद.
कोणी शिंकायचं नाही.
केसाहून जरा जाड दोन तंतू
पडद्यावर दोन खांबांसारखे समोरासमोर.
एक ठिणगी, आणि खांब एक झाला.
चौथी जोड वाईट निघाली. तोडली. पुन्हा केली.
पहाटे किनाऱ्यावरून निरोप आला: प्रकाश पोचतोय.
कोणाचा, कशाबद्दल, मला काय ठाऊक.
चार किलोमीटर खाली पुन्हा सोडलं सगळं.

सॅटेलाइट फोनवर बाबा.
"जोडलं, बाबा!"
"काय?"
"जो ड लं!"
"वारा फार आहे तुझ्याकडे."
मी आणखी ओरडले, वाराही ओरडला.
मग ते म्हणाले, "थांब, हे काढून ठेवतो."

जहाजावर शीळ घालायची नसते, वादळ येतं म्हणतात.
मालोने डोळे वटारले तरी मी घातली,
लांब, आखूड, मग तीन लांब,
लहानपणी जेवणाच्या टेबलावर शिकवलेलं एवढंच येतं मला,
माझं नाव.

पलीकडे बराच वेळ काही नाही.
पेन्सिल शोधत असावेत.

"नोल्वेन," ते म्हणाले,
"शेवटचं अक्षर उलटं झालंय.
पुन्हा पाठव."