पेन्सिलीची खूण

मांजरीच्या पुलाखाली रात्री वाळू भरायची
आणि मी पावत्या लिहायचो,
ज्यांवर तारीख नसायची.
शिमगा झाला की कृष्णा इतकी आटते
की अंकलीची कुत्री पाय न भिजवता
आमच्या काठाला येऊन भुंकून जातात.

इरगोंडाच्या फावड्यातून त्या रात्री
काहीतरी पांढरं घरंगळलं.
बॅटरी मारली. वाटलं, चुनखडी.
मग वाटलं, कुणी नदीला वाहिलेले पेढे.
एक फुटलेलं होतं,
त्यातलं पिवळं हळूहळू वाळूत मुरत होतं.

"आमे तत्ती," तम्माण्णा अंबी म्हणाला.
पूल झाल्यापासून त्याची नाव काठावर पालथी पडलीय,
तिच्याच सावलीला तो झोपतो.
"कासवाची हाईत. जशी निजलीत तशीच उचल.
वरची बाजू खाली झाली
की आत पोर गुदमरतंय."

वरची बाजू कुठली, हे अंधारात कसं कळावं?
कानामागची पेन्सिल काढली
आणि एकेका अंड्याच्या माथ्यावर बारीक फुली मारली.
तेवीस.
पावतीबुकाच्या मागच्या पानावर लिहिलं : तेवीस.
बुकातला तेवढाच एक खरा आकडा.

नावेच्या उन्हाकडच्या अंगाला कोपरभर खड्डा केला,
भोवती बाभळीच्या काट्या, घोरपडीसाठी.
मालकाला सांगितलं, ट्रॉलीचं टायर बसलं.

कीर्तनात ऐकलं होतं,
कासवी पिलाला दूध पाजत नाही,
नुसतं बघते, बघूनच पोसते.
पुढच्या आठवड्यात एक बघितली मी.
मागच्या पायांनी वाळू थापटली,
जसं बाई चूल सारवून हात पुसते,
आणि गेली पाण्यात.
वळून बघितलं नाही तिनं.
मी बघत बसलो.

सुगंधाला शाळेत कारवारकडचा सिनेमा दाखवला,
समुद्रातली कासवं, ताटाएवढी,
काठाला येतात, रडल्यासारखे डोळे पुसतात,
माणसं लाल बॅटऱ्या घेऊन मोजतात, जाळी लावतात, बोर्ड लावतात.
"आपल्याकडं बोर्ड का नाही, पप्पा?"
तम्माण्णा हसला. "लाव की.
कुठल्या भाषेत लावायचा, यावरनं
दोन दिवस बाजार बंद पडंल.
तवर कासव पोरं घेऊन आलमट्टीला जातंय."

मे महिन्यात ऊस करपला,
पंपांचे फुटबॉल उघडे पडले.
सगळ्या काठानं मागणी केली, कोयनेचं पाणी सोडा,
मोर्च्यात मीही होतो, पहिल्या ओळीत.
आणि आलं पाणी,
गढूळ, फेसाळ, पहाटे चारला.
बायकांनी ओटी भरली. कुणी फटाके लावले.
मी पेढा तोंडात टाकला
आणि मधल्या वाळूच्या बेटाकडं नजर गेली.
बेट नव्हतं.
त्यात किती खड्डे होते,
कुणाच्या माथ्यावर फुली नव्हती.
पेढा गिळता येईना, थुंकता येईना.
ऊस माझाही होता, वीस गुंठे.

मिरगाच्या चार दिवस आधी,
ट्रॉली अर्धी भरलेली, तम्माण्णा ओरडला.
काट्यांच्या आत वाळू हलत होती.
रुपयाएवढी, ओली, मान लांब करून,
बाहेर पडली आणि चालायला लागली
नदीकडं पाठ करून,
ट्रॅक्टरच्या दिव्यांकडं.

इरगोंडा फावडं टाकून धावला
आणि त्यानं दिवे घालवले.
पंधरा मिनिटं कुणी बोललं नाही.
मग पाण्याला अंधारातसुद्धा जो एक उजेड असतो
तो दिसायला लागला,
आम्हाला, आणि त्यांनाही.

अकरा मोजली. बारा अंडी तशीच राहिली,
फुली अजून माथ्यावर,
कुणी न पुसलेली.

इरगोंडानं बिडी पेटवली, संपवली.
दिवे लावले.
ट्रॉली भरली.
मी पावती लिहिली.