आजचा जखमी

तीनशे रुपये रोज, दुपारचं जेवण.
काम एवढंच : पडून राहायचं.
येऊरला, वनखात्याच्या शेडमागे, करवंदीच्या जाळीपाशी
तीन दिवस मी मरतोय,
दिवसातून सहा वेळा.

गळ्यात पुठ्ठा असतो.
परवा : झाडावरून पडला, मान हलवू नका.
काल : अस्वल. टाळू सोलवटलेली.
आज : गोळी, डाव्या मांडीत, रक्त थांबत नाही.
रक्त म्हणजे अमृतकोकम, थोडी कणीक कालवून.
मुंग्यांना कोणी सांगितलेलं नाही की हे रक्त आहे.

साळस्कर सर पूर्वी फौजेत होते.
उजव्या हाताला तीनच बोटं,
पण त्या तिनांनी पट्टा असा आवळतात
की पायाला मुंग्या येतात,
बाहेरच्या वेगळ्या, आतल्या वेगळ्या.
"जखमेच्या वर चार बोटं. दांडी फिरवा.
ओरडला तरी फिरवा.
ओरडतोय म्हणजे आहे."

मग कपाळावर मार्करने वेळ लिहायची. ११.२०.
घरी आईने खोबरेल लावून घासलं,
आकडे पुसट निळे झाले, तिच्या गोंदणासारखे.
"हे काय गोंदून आलास?"
म्हटलं, मला बांधल्याची वेळ.
ती पुढे काही बोलली नाही. तांदूळ निवडत राहिली.

वीस जण आलेत. मेळघाटचे, गडचिरोलीचे.
कोणाच्या रानात वाघ आहे, कोणाच्या रानात बंदूकवाले,
काहींच्या दोन्ही.
सगळे गार्ड माग वाचतात,
माझ्याकडे मात्र आधी पुठ्ठा वाचून येतात.

मैनी पुंगाटीने पुठ्ठा वाचला नाही.
भामरागडच्या पुढची. बोलते कमी.
सरळ गुडघा जांघेत रोवला, पट्टा ओढला
आणि हलक्या आवाजात म्हणाली, "रैनू."
माझं नाव रैनू नाही.
सर म्हणाले, ओरड रे, पैसे कशाचे घेतोस!
मला ओरडता आलं नाही.
ती माझ्या पलीकडचं कुणाचं तरी ऐकत होती.

तिच्या कोपराखालून मला घोडबंदरचे टॉवर दिसत होते,
आणि हॉस्पिटलची निळी पाटी.
इथून वीस मिनिटं.
बापाला फुरसं चावलं त्या रात्रीही
पाटी अशीच निळी दिसत होती,
आमच्या अंगणातून, स्वच्छ.

चहानंतर सर फळ्यावर घड्याळ काढतात.
पहिला तास सोन्याचा. तासाभरात टेबलावर घ्यायचा.
मैनी उभी राहते.
"सर, तास नदीपर्यंतच पुरतो.
नदीच्या पलीकडचं कधी शिकवणार?"

मार्करचं टोपण सरांना लागेना.
तीन बोटांत फिरवत राहिले.
मग फळा सोडून खाली मातीत बसले, आमच्यात.
"लिहून घ्या. हे पुस्तकात नाही."
ओला सदरा काढा. दोन बांबू, दोन शर्ट, एक झोळी.
खांदा बदलताना मोजून बदला, तो दचकतो.
पाणी मागेल. ओठ भिजवा, घोट देऊ नका.
आणि बोलत राहा.
"काय बोलायचं?" मेळघाटचा कास्देकर विचारतो.
"घरच्या गुरांची नावं विचार.
सगळी आठवेपर्यंत माणूस थांबतो, बहुतेक."
हे "बहुतेक" मैनीने लिहून घेतलं. मी पाहिलं.

चौथ्या दिवशी सरांनी पट्टा माझ्या हातात दिला.
"अठरा वेळा मेलायस. कुठे दुखतं तुला ठाऊक."
पुठ्ठा मैनीच्या गळ्यात.
ती आडवी झाली, डोळे उघडे, वर टॉवरकडे.
चार बोटं मोजली. दांडी फिरवली.
एक वेढा. दोन.
तिसऱ्याला तिचे ओठ पांढरे पडले,
तरी आवाज नाही.

वाकून कानाशी म्हटलं, ताई, ओरडा.
ओरडतोय म्हणजे आहे.

ती ओरडली. तिच्या बोलीत, लांबलचक,
कोणाला तरी नावाने हाक मारल्यासारखी.
उंबरावरची वानरं टोळीने पळाली,
शेडमधला स्वयंपाकी पळी घेऊन बाहेर आला,
आणि सर घड्याळ बघायचं विसरले.