ङसाठी एक जखम

कोकणीपुऱ्यातला अन्वरभाईंचा छापखाना मोडीत निघाला
तेव्हा मी तीन खोकी उचलली.
खोकी द्राक्षांची, पिंपळगावची;
आत लाकडी खिळे, पोस्टरचे, वीतभर उंच,
वाळलेली शाई आणि रॉकेलचा वास.

क सगळ्यात झिजलेला.
कुस्त्यांची दंगल, कांदा लिलाव, कीर्तन,
कळविण्यास अत्यंत दुःख होते की.
नाशकात ज्याला त्याला क लागतो.
त्याच्या पोटात उभी चीर, एक कान उडालेला.
भव्य भव्य ओरडून भ चा घसा बसलाय.
ळ चा ओठ फोडलाय मंडळांनी.
आणि शिरोरेषेत, खिळ्याला खिळा भिडतो तिथे,
केसाएवढी फट,
जिच्यातून मागचा पिवळा कागद डोकावतो.

मी ते उमटवले, स्कॅन केले,
खड्ड्यांना हात लावला नाही.
फॉन्टचं नाव ठेवलं रांगडा.

सोमेश्वरकडच्या मिसळवाल्यानं पाटीसाठी घेतला.
म्हणाला, अक्षरातच तर्री दिसली पाहिजे.
दिसते.
वायनरीवाल्यांनी परत पाठवला: फार मातीचा वाटतो.
(द्राक्षं कशात उगवतात, विचारलं नाही.)
लग्नपत्रिकेत घालू नका.
औषधाच्या बाटलीवर तर नकोच.
बारा पॉइंटात हा नुसता मळका दिसतो.
याला भिंत द्या,
समोरून सायकलवर येणारा, घाईतला माणूस द्या,
आणि शब्द दोनच.

पहिली तक्रार अशोकस्तंभाजवळच्या खैरनारांची.
चुलत्यांच्या दहाव्याचा फलक होता,
वर मोठ्ठं 'काका'.
"ताई, दोन्ही क ना एकच चीर, एकाच जागी.
खोटं दिसतंय हो."
खरंच की.
सारखं दुखणं दोघांना होईल,
पण तीच जखम?
मग बसले. प्रत्येक अक्षराची तीन-तीन रूपं केली,
चिरा हलवल्या, कान वेगवेगळे उडवले.
काका नीट झाले. बाबा, मामा, दादा, सगळे.

राहिला ङ.
तिसऱ्या खोक्याच्या तळाशी, कोरा,
कारखान्यातून आला तसा.
कुठली दंगल त्याच्यापासून सुरू होणार,
कुठला शोक?
वाङ्मय मंडळवाले होते एक,
तेही अनुस्वारावर भागवायचे, म्हणे.
सगळ्या घायाळांत हा एकटा
नव्या शर्टात उभा.

प्रोग्रॅममध्ये बटण असतं, झीज टाकणारं.
दाबून पाहिलं.
ङ ला देवी आल्यासारखी दिसली. पुसली.

अण्णा नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त,
बत्तीस वर्षं नोटा तपासल्या.
एक रेघ फुटली की ताव रद्द.
रांगडा पहिल्यांदा पाहिला तेव्हा म्हणाले,
"हे सगळंच रद्द आहे. पैसे घेतेस याचे?"

त्यांच्यापुढे ङ ठेवला, ओल्या शाईत छापलेला.
म्हटलं, इतकी वर्षं दोष काढलेत,
आज एक घाला.
त्यांनी भिंग घेतलं. चहा निवला.
"कुठे घालू?"
तुम्हाला पहिल्यांदा जिथे सापडला असता, तिथे.
पुन्हा भिंग.
मग खालच्या वळणावर अंगठा टेकवला,
किंचित फिरवला,
आणि जाता जाता नखानं ठिपक्याजवळ एक ओरखडा.
कागद उलटून, सवयीनं,
मागे बारीक अक्षरात लिहिलं: रद्द.
खाली तारीख, सही.

आता रांगड्यात ङ आहे.
अजून कुणी वापरलेला नाही.
मोठा करून पाहिला
तर वळणावर अंगठ्याच्या रेषा मोजता येतात,
अकरा.

त्याची दुसरी रूपं मात्र केली नाहीत.
लागोपाठ दोन ङ
कुणाला लागणार आहेत?