सात मिनिटं पुढे

नारायण पेठेतल्या पतसंस्थेच्या कॉम्प्युटरला
रोज सकाळी वाटायचं,
आज एक जानेवारी दोन हजार दोन.
मी झाकण काढलं. धूळ, एक वाळकं झुरळ,
आणि शर्टाच्या बटणाएवढा सेल, केव्हाच संपलेला.

तपकीर गल्लीत चाळीस रुपये.
बसवला, नेटवरून वेळ घेतली
आणि आतल्या घड्याळात लिहून टाकली.
आता वीज गेली तरी अंधारात मोजत बसेल,
दिवसाला दोनेक सेकंद चुकेल,
जागं झालं की विचारून घेईल.

"सात मिनिटं मागे लावलंत,"
निमोणकर बाईंनी मनगट पुढे केलं.
नऊ वर्षं रोज त्याच घालत होत्या तारीख, वेळ,
स्वतःच्या घड्याळात बघून.
कात्रजहून आठ चाळीसची बस चुकू नये म्हणून
ते सात मिनिटं पुढे.

म्हणजे नऊ वर्षांच्या पावत्या,
कर्जाचे हप्ते,
भिसे मास्तरांनी मुदत ठेव मोडली ती वेळसुद्धा
एका बसच्या धाकाने धावत होती.

"आणि बस?"
"तो मार्गच बंद झाला की.
आता लेक सोडते स्कूटरवर."
त्यांनी घड्याळाची चावी बाहेर ओढली,
जरा थांबल्या,
परत आत दाबली.
"मशीनचं केलंत ना बरोबर? मग झालं."

सेल चाळीस, मजुरी दीडशे.
पावतीवर छापून आलं अकरा वाजून चार.
भिंतीवरचं घड्याळ तिसरंच काही म्हणत होतं,
त्याचं मला कुणी सांगितलं नव्हतं.