मासळीवाली

काओमाहून मोंगूची बस पहाटे साडेचारला सुटते.
गणवेश घरीच ठेवला, खुंटीला,
जणू आज ड्युटी त्याचीच होती.
अंगावर बहिणीचं विटलेलं चितेंगे, पायांत प्लास्टिकच्या सपाता.
शेजारणीने विचारलं, एवढ्या लवकर कुठे?
म्हटलं, भाचीकडे.

आमच्या दवाखान्यातही आहे ती खोली.
पडदा मी शिवलाय,
दिव्याची मान मीच वाकवते,
आणि अकरा वर्षं म्हणत आलेय,
लाजू नका बाई, मी रोज पाहते.
रोज पाहते, तीच तर अडचण.
जिच्या ताटातला बुहोबेचा गोळा दुपारी मोडून खाते
तिच्यापुढे गुडघे कसे उघडायचे?
नामाकाऊला कळलं की वॉर्डाला कळणार,
वॉर्डाला कळलं की धक्क्यावरच्या नावाड्यांनाही.
आणि लिकांडो, ज्याला सुई धरायला मी शिकवली,
तो म्हणेल, सिस्टर, सैल सोडा.

ही कारणं सांगण्यासारखी.
न सांगण्यासारखं एकच:
सातव्या खाटेवर सेपिसो सिस्टर गेली त्या जूनमध्ये
खिडक्या उघड्या, फरशीवर बादलीभर ब्लीच,
तरी तो वास गेला नाही.
आम्ही सगळ्या तिच्याभोवती उभ्या होतो,
एकमेकींचे डोळे चुकवत,
मनातल्या मनात आपापली वर्षं मोजत.
तिनेही शेकडो बायका तपासल्या होत्या.
तिला कुणी म्हटलंच नाही, आता तुम्ही.

मोंगूच्या रांगेत माझ्यापुढे नऊजणी.
रजिस्टरवाली पोर तिशीचीही नसेल,
छातीवर नाव: म्वांगाला.
काम काय करता?
मासळी विकते.
कुठली?
ब्रीम, म्हटलं, आणि हात मांडीखाली घेतले.
नखं पार मांसापर्यंत कापलेली,
आणि कुठल्या मासळीवालीच्या बोटांना
क्लोरीनचा वास येतो?

आत तिने सांगण्याआधीच
मी टेबलाच्या कडेपर्यंत सरकले होते.
तिने क्षणभर पाहिलं. काही बोलली नाही.
स्पेक्युलम कोमट पाण्यात बुडवून घेतला तिने.
(मी बुडवत नाही. रांग मोठी असते.)
मग व्हिनेगर. मग ती म्हणाली,
एकच मिनिट थांबायचं.

हे वाक्य माझंच.
किती जणींना दिलं असेल, सुट्ट्या पैशांसारखं, न मोजता.
छतावर एक पाल होती.
ती एका पत्र्यावरून दुसऱ्यावर गेली,
थांबली, परत आली,
तरी मिनिट संपलं नव्हतं.

डाव्या बाजूला, ती म्हणाली, लहानसा पांढरा डाग आहे.
मक्याच्या दाण्याएवढा.
माझ्या तोंडून आपसूक निघालं,
कडा स्पष्ट आहेत?
आणि दोघी गप्प झालो.

स्पष्ट आहेत, आई, तिने हळूच सांगितलं.
आजच जाळून टाकू.
पोटात थोडं आवळल्यासारखं होईल.
झालं. तेवढंच झालं.
याच्यासाठी मी अकरा वर्षं आणि दोनशे किलोमीटर घालवले.

उठून मी चादर घडी केली,
कोपरे काटकोनात, सवयीने,
आणि तिने ते कोपरे पाहिले.
रजिस्टरात मात्र अक्षर न बदलता
मासळीवाली असंच राहू दिलं.
कार्ड देताना विचारलं,
तुमच्या बाजारात अशा किती आहेत?

सतरा, म्हटलं.
तपासून घेतलेल्या?
मी कार्ड चितेंगेच्या गाठीत बांधलं.
आजपासून एक.

परतीच्या बसमध्ये शेजारच्या सीटवर टोपलीभर खरी मासळी होती.
मी सरकून घेतलं, टोपलीला जागा दिली.
उद्या सकाळी चहाच्या वेळी नामाकाऊला सांगायचं आहे.
कसं, ते अजून ठरलेलं नाही.
आधी पाणी तापत ठेवीन.